ध्वनिमुद्रिका-वादक

ध्वनिमुद्रिका-वादक : ध्वनितबकडीवर सर्पिल खोबणीच्या रूपाने मुद्रित केलेल्या ध्वनीचे पुनरुत्पादन करणारे यंत्र. बोलभाषेत यास रेकॉर्ड प्लेअर किंवा टर्नटेबल असे म्हणतात. ध्वनिमुद्रिका एकसारख्या वेगाने फिरविणारी तबकडी, तिच्यावर तरंगती राहणारी भुजा, भुजेच्या टोकाशी बसविलेले कार्ट्रिज आणि कार्ट्रिजला जोडलेली सुई हे त्याचे मुख्य भाग होत. सुई खोबणीतून जाताना कंप पावते, कार्ट्रिज या कंपनांचे विद्युत् संदेशात रूपांतर करते व विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने मूळ ध्वनी ऐकू येतो.

चुंबकीय फीत अथवा संहत तबकडी (कॉम्पॅक्ट डिस्क) यांच्या तुलनेत या यंत्राचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. येथे वाचन प्रत्यक्ष घर्षणाने होते. सुई व खोबण यांच्या स्पर्शबिंदूपाशी जे गमावले जाते ते पुढील कोणत्याही उपकरणाने परत मिळविता येत नाही आणि सदोष सुईने खोबणीस झालेली इजा कायमची असते. त्यामुळे वादकाची निवड व जुळणी हा केवळ श्रवणसुखाचा प्रश्न नसून ध्वनिमुद्रिकेच्या संरक्षणाचाही प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये दंडगोलावर ध्वनी मुद्रित करणारा फोनोग्राफ तयार केला. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीवर बाजूकडे वळणारी खोबण कोरण्याची पद्धती पुढे आणली. एका साच्यावरून तबकडीच्या असंख्य प्रती काढता येत असल्याने हीच पद्धती टिकली. प्रारंभीच्या तबकड्या लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. या लाखेचा मोठा भाग भारतातून निर्यात होई. मिनिटास सु. ७८ फेरे घेणाऱ्या २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन ते साडेतीन मिनिटांचेच मुद्रण मावत असे. १९२५ पर्यंत मुद्रण कर्ण्याच्या साहाय्याने, केवळ ध्वनीच्या यांत्रिक शक्तीने होई. त्यानंतर सूक्ष्मध्वनिग्राहक (मायक्रोफोन) व विवर्धक यांचा वापर सुरू झाला.

भारतात फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहरजान व इतर कलावंतांचे मुद्रण केले. कलकत्त्यात सियालदह येथे १९०८ मध्ये ध्वनिमुद्रिकांचा कारखाना निघाला व पुढे डमडम येथील कारखाना या व्यवसायाचे केंद्र बनला. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर इत्यादींचे गायन ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरूनच महाराष्ट्र-गोव्यातील घरोघरी पोहोचले. तीन मिनिटांच्या मर्यादेत राग मांडण्याची एक वेगळी शिस्त त्यातून निर्माण झाली.

अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी, सूक्ष्म खोबणीची दीर्घवादन (एलपी) ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. ३० सेंमी. व्यासाच्या या तबकडीच्या एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक मुद्रण होऊ शकत असल्याने रागाच्या विस्तारास प्रथमच पुरेसा अवकाश मिळाला. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर डाव्या व उजव्या बाजूंचे संदेश कोरण्याची ॲलन ब्लमलाइन यांची १९३१ मधील कल्पना त्रिमितीय (स्टिरिओ) ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने १९५८ पासून व्यवहारात आली. भारतात मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरही काही वर्षे निघत होत्या. बीटल्स या इंग्लिश गायकवृंदाच्या गीतांच्याही अशा तबकड्या येथे काढण्यात आल्या.

ऱ्हास व पुनरागमन : भारतात कॅसेटच्या प्रसारामुळे आणि इतरत्र १९८२ मध्ये अवतरलेल्या संहत तबकडीमुळे ध्वनिमुद्रिकेची पीछेहाट झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिची मागणी पुन्हा वाढू लागली. अमेरिकेत २०२० मध्ये ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचे उत्पन्न १९८० नंतरच्या दशकानंतर प्रथमच संहत तबकड्यांच्या उत्पन्नाहून अधिक झाले आणि २०२२ मध्ये विकल्या गेलेल्या नगांची संख्याही अधिक (सु. ४·१ कोटी विरुद्ध ३·३ कोटी) भरली. टेक्निक्स कंपनीने २०१० मध्ये बंद केलेले एसएल-१२०० हे वादक २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणले.

मापनाच्या दृष्टीने ध्वनिमुद्रिका संहत तबकडीहून श्रेष्ठ नाही. तिच्यातील संदेश व पार्श्वगोंगाट यांतील अंतर साधारणतः ५५ ते ७० डेसिबेल असते, तर संहत तबकडीत ते ९० डेसिबेलहून अधिक असते. शिवाय अलीकडच्या अनेक ध्वनिमुद्रिका अंकीय मुद्रणावरूनच कोरलेल्या असतात. तिच्या पुनरागमनाची कारणे वेगळी आहेत. एक संपूर्ण बाजू सलग ऐकण्याची सवय, मोठे वेष्टन व त्यावरील माहितीपर मजकूर यांचे आकर्षण आणि घरातील जुन्या संग्रहाविषयीची आस्था ही त्यांपैकी काही होत. भारतीय संगीताच्या बाबतीत आणखी एक ठोस कारण आहे : कित्येक जुनी मुद्रणे दुसऱ्या कोणत्याही माध्यमात पुन्हा प्रकाशित झालेली नाहीत, ती फक्त तबकडीवरच उपलब्ध आहेत.

खोबणीची रचना : दीर्घवादन ध्वनिमुद्रिका व्हिनिल क्लोराइड व व्हिनिल ॲसिटेट यांच्या सहबहुवारिकाची असते. तिच्यावरील खोबण इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची असून तिच्या दोन भिंतींमध्ये ९०° चा कोन असतो. तिची रुंदी सु. ०·०५ ते ०·०६ मिमी. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील खोबणीच्या सु. एकतृतीयांश असते. २० मिनिटांच्या एका बाजूत सुई सु. ४३० मी. अंतर तोडते.

तबकडीचा कोनीय वेग कायम असला, तरी सुईखालून खोबण सरकण्याचा वेग कडेपासून मध्याकडे कमी होत जातो. बाहेरच्या कडेजवळ तो सेकंदास सु. ५१ सेंमी., तर शेवटच्या खोबणीपाशी सु. २१ सेंमी. असतो. १०,००० हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची एक संपूर्ण लाट कडेला सु. ०·०५१ मिमी. लांबीत, तर आत केवळ सु. ०·०२१ मिमी. लांबीत कोरली जाते. बाजूच्या अखेरीस उच्च स्वरांत जाणवणारा खरखरीतपणा याच कारणाने उद्भवतो आणि सुईच्या टोकाचा आकार एवढा महत्त्वाचा का ठरतो, हेही यावरून स्पष्ट होते.

निम्न स्वरांची खोबण फार रुंद होऊ नये व उच्च स्वर पृष्ठभागाच्या खरखरीत बुडू नयेत, म्हणून मुद्रणाच्या वेळी निम्न कंप्रता क्षीण व उच्च कंप्रता तीव्र करतात. वादनाच्या वेळी पूर्वविवर्धकात याच्या नेमकी उलट क्रिया करावी लागते. यासाठी आर. आय. ए. ए. या अमेरिकी संघटनेने १९५४ मध्ये ठरविलेला वक्र सर्वत्र प्रमाण मानला गेला आहे.

फिरती तबकडी व तिची चालना : तबकडीचा वेग अचूक व स्थिर असावा आणि चलित्राची (मोटरची) कंपने सुईपर्यंत पोहोचू नयेत, या दोन अपेक्षा असतात. वेगातील चढउतारामुळे स्वर डळमळतो. सतारीच्या किंवा पियानोच्या लांबणाऱ्या स्वरांत हा दोष चटकन कानी येतो. धारव्यातून (बेअरिंगमधून) किंवा चलित्रातून येणाऱ्या कंपनांमुळे निम्न स्वराची घरघर ऐकू येते.

चालनेच्या तीन पद्धती आहेत. (१) रबरी चाकाची चालना : चलित्र व तबकडीची आतील कड यांमध्ये रबरी चाक असते. १९५० नंतरच्या दशकातील गॅरार्ड ३०१ हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. जोर भरपूर असला, तरी चाकाचे रबर कठीण झाल्यास घरघर वाढते. (२) पट्ट्याची चालना : चलित्राची गती लवचिक पट्ट्याने तबकडीस दिल्याने कंपने बऱ्याच अंशी शोषली जातात. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये आणलेल्या यंत्रात तबकडी व भुजा स्प्रिंगांवर टांगलेल्या उपचौकटीवर बसविलेल्या होत्या. पुढील अनेक यंत्रांनी हा आराखडा स्वीकारला. पट्टा काही वर्षांनी सैल होतो व बदलावा लागतो. (३) प्रत्यक्ष चालना : तबकडी चलित्राच्या अक्षावरच बसविलेली असते. जपानमधील मात्सुशिता कंपनीने १९७० च्या सुमारास ही पद्धती प्रचारात आणली. वेग लवकर गाठला जातो व क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या साहाय्याने तो काटेकोर नियंत्रित करता येतो. चांगल्या बनावटीचे यंत्र असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. बनावटीचा दर्जा अधिक निर्णायक असतो.

परदेशातून यंत्र आणताना विद्युत् पुरवठ्याचा विचार अवश्य करावा लागतो. समकालिक चलित्राचा वेग प्रत्यावर्ती प्रवाहाच्या कंप्रतेवर अवलंबून असतो. अमेरिकेतील ६० हर्ट्झ पुरवठ्यासाठी बनविलेले असे यंत्र भारतात ५० हर्ट्झवर चालविल्यास ३३ १/३ ऐवजी सु. २७·८ फेरे घेते आणि गायकाची पट्टी तीन स्वरांतरांहून (अर्धस्वरांहून) अधिक उतरते. दाब बदलणाऱ्या रोहित्राने (ट्रान्सफॉर्मरने) हा दोष जात नाही. कप्पी बदलावी लागते. एकदिश प्रवाहावर किंवा क्वॉर्ट्झ नियंत्रणावर चालणाऱ्या यंत्रांना ही अडचण नसते. वेग तपासण्यासाठी रेषांकित तबकडी वापरतात. ५० हर्ट्झ पुरवठ्यावरील नियॉन दिव्याच्या प्रकाशात १८० रेषांचे वर्तुळ स्थिर दिसल्यास वेग बरोबर ३३ १/३ आहे असे समजावे.

भुजा : मुद्रणयंत्रातील कोरणी त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते, वादकाची भुजा मात्र सामान्यतः एका खुंटीभोवती कंसात फिरते. या फरकामुळे येणारी कोनीय त्रुटी कमी करण्यासाठी भुजेचे टोक सु. २२° ते २४° नी आत वळविलेले असते व सुई मध्यखुंटीच्या किंचित पलीकडे पोहोचेल अशी योजना असते. त्यामुळे दोन ठिकाणी त्रुटी शून्य होते व इतरत्र ती सु. २° च्या आत राहते. अशा भुजेवर आतल्या बाजूस ओढणारे बल निर्माण होते; त्याच्या निरसनासाठी स्प्रिंग किंवा वजन योजतात.

भुजेचे परिणामी द्रव्यमान व सुईच्या आधाराची नम्यता यांवर एक नैसर्गिक कंप्रता ठरते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी. ती याहून कमी असल्यास वाकलेल्या तबकडीच्या चढउतारांनी भुजा हेलकावते. अधिक असल्यास संगीतातील निम्न स्वर दूषित होतात. द्रव्यमान ग्रॅममध्ये व नम्यता मिलिन्यूटनमागे मायक्रोमीटर या एककात घेऊन त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागले असता ही कंप्रता हर्ट्झमध्ये मिळते. उदा., ११ ग्रॅ. परिणामी द्रव्यमानाची भुजा, ६ ग्रॅ. चे कार्ट्रिज व १ ग्रॅ. चे स्क्रू मिळून १८ ग्रॅ. होतात, नम्यता १८ असल्यास कंप्रता सु. ८·८ हर्ट्झ येते व जोडी योग्य ठरते. महाग भुजा व महाग कार्ट्रिज एकत्र आणल्याने चांगला परिणाम मिळतोच असे नाही, तो यामुळेच.

कार्ट्रिज व सुई : दाबविद्युत् कार्ट्रिजमध्ये सिरॅमिक पट्टिकेवर ताण पडून विद्युत् दाब निर्माण होतो. हा दाब मोठा असल्याने स्वस्त व सुटसुटीत वादकांत ते वापरतात. १९६०–८० या काळातील घरगुती पेटीवजा यंत्रांत तेच असे व आजच्या पुष्कळशा स्वस्त यंत्रांतही असते. त्यासाठी सु. ५ ग्रॅ. किंवा अधिक भार द्यावा लागतो व त्याची सुई आडवी-उभी सहजपणे हलू शकत नसल्याने त्रिमितीय ध्वनिमुद्रिकेची झीज वाढते.

चल-चुंबक प्रकारात सुईच्या दांडीवरील सूक्ष्म चुंबक स्थिर वेटोळ्यांजवळ हलतो व सु. ३ ते ६ मिलिव्होल्ट दाब मिळतो. भार बहुधा १·५ ते २·५ ग्रॅ. असतो. सुई घरच्या घरी बदलता येते, हा त्याचा मोठा लाभ होय. चल-वेटोळे प्रकारात वेटोळी दांडीवर असून चुंबक स्थिर असतो; दाब केवळ ०·२ ते ०·५ मिलिव्होल्टच्या आसपास असल्याने अधिक विवर्धन लागते आणि सुई झिजल्यास बहुधा संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते.

सुईचे टोक हिऱ्याचे असावे. नीलमण्याचे टोक फार लवकर झिजते. हिऱ्याचे टोक साधारणतः ५०० ते १,००० तास टिकते. शंक्वाकार टोकाची त्रिज्या सु. ०·०१८ मिमी. असते, आतील खोबणीतील ०·०२१ मिमी. लांबीच्या लाटेत ते नीट बसू शकत नाही. लंबवर्तुळाकार टोकाची स्पर्शबाजूची त्रिज्या सु. ०·००८ मिमी. असल्याने ते अधिक तपशील वाचते. याहून सूक्ष्म आकाराची टोकेही मिळतात. मात्र त्यांची जुळणी अधिक काटेकोर करावी लागते.

भार जितका कमी तितकी झीज कमी, ही समजूत चुकीची आहे. स्पर्शक्षेत्र इतके सूक्ष्म असते, की २ ग्रॅ. भारानेही तेथील दाब दर चौ. सेंमी. स टनांत मोजावा लागतो. परंतु भार अपुरा पडल्यास सुई क्षणभर भिंतीपासून सुटते व पुन्हा आदळते. या आघातांनी खोबणीचे टवके उडतात. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत, किंबहुना तिच्या वरच्या निम्म्या भागात, भार ठेवणे हितावह असते.

पूर्वविवर्धक : कार्ट्रिजचा संदेश सामान्य विवर्धकाच्या इतर जोडण्यांना पुरत नाही व त्याला वर सांगितलेल्या वक्राचे संस्करणही आवश्यक असते. हे कार्य पूर्वविवर्धक करतो. चल-चुंबक कार्ट्रिजसाठी ४७,००० ओहम रोध व निर्मात्याने सांगितलेली धारकता (बहुधा १०० ते २०० पिकोफॅराड) लागते. काही वादकांत व काही विवर्धकांत पूर्वविवर्धक अंतर्भूत असतो. दोन्ही एकाच वेळी वापरल्यास संस्करण दोनदा होऊन आवाज घुमतो व फाटतो. एकही न वापरल्यास तो अत्यंत क्षीण व किरटा येतो. भूयोजनाची तार न जोडल्यास ५० हर्ट्झचा गुंजारव ऐकू येतो.

निवडीचा क्रम : निवड खोबणीपासून बाहेरच्या दिशेने करावी. प्रथम सुई व कार्ट्रिज, नंतर भुजा व तिचे धारवे, त्यानंतर तबकडीचा वेग व शांतता आणि शेवटी विवर्धक व ध्वनिक्षेपक असा महत्त्वाचा क्रम लागतो. भार कमी-जास्त करता येणारा प्रतिभार, बदलता येणारे कार्ट्रिज व सहज उपलब्ध असणारी सुई या तीन गोष्टी नसलेले यंत्र संग्रहासाठी घेऊ नये. सुटकेसच्या आकाराची, अंगभूत ध्वनिक्षेपक असलेली यंत्रे दिसण्यास मोहक असली, तरी त्यांत बहुधा हे तिन्ही गुण नसतात. शिवाय ध्वनिक्षेपकाची कंपने थेट सुईपर्यंत पोहोचतात. बिनतारी जोडणीची सोय असलेल्या यंत्रात संदेश अंकीय रूपात पाठविला जातो. ती सोय आहे, गुणवत्तेचे लक्षण नव्हे.

जुने यंत्र घेताना भुजेच्या धारव्यांत खुळखुळ नाही ना, ती दोन्ही दिशांनी विनाअडथळा फिरते ना, तबकडीचा अक्ष डगमगत नाही ना, पट्टा किंवा रबरी चाक सुस्थितीत आहे ना, हे पाहावे. जुन्या यंत्रासोबत आलेल्या सुईचा पूर्वेतिहास माहीत नसल्यास ती न वापरता नवी बसवावी. घरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रावर प्रथम जपून ठेवलेली ध्वनिमुद्रिका न लावता कमी मोलाची तबकडी लावून पाहणे श्रेयस्कर होय.

वादक भक्कम व समपातळीत असलेल्या बैठकीवर, ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवावा. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरांत पावलांच्या हादऱ्याने सुई उडते. तेथे भिंतीतील फळी सोयीची ठरते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या : या तबकड्यांसाठी सु. ०·०६५ ते ०·०७५ मिमी. त्रिज्येचे वेगळे टोक लागते. सूक्ष्म खोबणीची सुई त्यांत तळाशी घासत जाते व केवळ खरखर वाचते. उलटपक्षी, रुंद टोक दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेची नासधूस करते. किल्लीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलीत असत व तिच्यावरील भार १०० ग्रॅ. हून अधिक असे. अशा यंत्रावर व्हिनिलची तबकडी कधीही लावू नये. १९२५ पूर्वीच्या तबकड्यांचा प्रत्यक्ष वेग ७८ हून कमी किंवा अधिक असू शकतो. म्हणून वेग सूक्ष्मपणे बदलता येणारे यंत्र आवश्यक असते; अन्यथा गायकाची पट्टी चुकीची ऐकू येऊन त्याच्या आवाजाविषयी गैरसमज होऊ शकतो. १९५४ चा प्रमाण वक्रही यांना लागू पडत नाही. या सर्व गोष्टींसाठी स्वतंत्र कार्ट्रिज बाळगणे सोयीचे असते.

तबकडीबरोबर ती योग्य रीतीने वाचण्याचे साधनही हवे, या तत्त्वाचे एक असाधारण उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांतून पाठविलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या. त्यांवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीसोबत कार्ट्रिज व सुई ठेवलेली असून वेष्टनावर योग्य वेग व सुई ठेवण्याची रीत आकृतींनी दाखविलेली आहे. मिनिटास १६ २/३ फेरे, म्हणजे ३·६ सेकंदांत एक फेरा, हा तो वेग होय.

निगा : धूळ हा खोबणीचा मुख्य शत्रू आहे, सुईखाली सापडलेला कण भिंतीत रुततो. प्रत्येक वादनापूर्वी कार्बन तंतूंच्या मऊ ब्रशाने तबकडी पुसावी व सुई मागून पुढे या दिशेनेच स्वच्छ करावी. मळलेली व्हिनिलची तबकडी ऊर्ध्वपातित पाणी व अत्यल्प सौम्य प्रक्षालक यांनी धुवावी. लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला अल्कोहॉल कदापि लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्यास किंवा तिरक्या ठेवल्यास त्या वाकतात. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील उष्णताही व्हिनिलला वाकविण्यास पुरेशी असते. कोकण, गोवा व मुंबई येथील पावसाळी हवेत कागदी वेष्टनांवर बुरशी चढते व तेथून ती खोबणीत शिरते; म्हणून आतील वेष्टन पॉलिथिनचे असावे व कपाटात हवा खेळती ठेवावी.

दुर्मिळ ध्वनिमुद्रिका स्वच्छ करून, नव्या व योग्य सुईने, अचूक वेगावर एकदाच वाजवून तिचे अंकीय मुद्रण (२४ बिट व ९६ किलोहर्ट्झ) करून ठेवणे हा संरक्षणाचा उत्तम मार्ग समजला जातो. असे मुद्रण करताना खरखर काढून टाकण्याची क्रिया मूळ प्रतीवर न करता तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावी. कारण खरखरीसोबत स्वरांचा सूक्ष्म अंशही जातो आणि भावी काळात अधिक चांगली साधने उपलब्ध झाल्यास अस्पर्शित मूळ प्रतीचीच गरज लागते.